करलीचा कृमी घेऊन दिल्लीला

दिल्लीला कशाला चाललात, असं बँकेत विचारलं, जेट्टीवर विचारलं, शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं. सगळ्यांना मी "भावाकडे" असं सांगितलं. ते काही खोटं नव्हतं. माझा मामेभाऊ सुधीर केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, नोएडात राहतो आणि कित्येक वर्षं "ये गं एकदा" म्हणतोय. पण खरं सांगायचं तर मी निघाले होते एका कृमीला भेटायला, आणि तोही मरून जमाना झालेला. कुंपणावरून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

कृमीची ओळख आधी करून देते, म्हणजे पुढे अडायला नको. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर करली नावाचा मासा मिळतो. लांब, पातळ, चांदीच्या पट्टीसारखा. चवीला गोड आणि आत काटेच काटे. तिच्या कल्ल्यांत एक चपटा परजीवी कृमी राहतो. तांदळाच्या कणीएवढा. त्याच्या मागच्या टोकाला बारीक चिमट्यांच्या दोन ओळी असतात. त्या चिमट्यांनी कल्ल्याची लाल झालर धरायची, माशाचं थोडंथोडं रक्त प्यायचं आणि आयुष्य काढायचं, एवढाच त्याचा संसार. दुसऱ्या माशावर तो जगत नाही. माणसाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे शेवटचं वाक्य मी दिल्लीत इतक्यांदा उच्चारलं की अखेर ते गळ्यात पाटी करून अडकवावं असं वाटू लागलं.

हा कृमी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या विद्यार्थिनीने, रेश्माने. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे तेव्हाची ती माझी शेवटच्या तुकडीतली मुलगी. तिची आई जेट्टीवर मासे विकते, त्यामुळे कल्ल्यांना तोटा नव्हता. या कृमीच्या चिमट्यांची एक ओळ लांब आणि एक आखूड असते, म्हणून त्याचं बूड एका बाजूला झुकलेलं दिसतं. करलीवरच्या अशा कृमीचं वर्णन पूर्वी एकदा छापून आलं आहे. त्या चित्रातला कृमी डावीकडे झुकतो. आमचा उजवीकडे. काही जातींत दोन्हीकडे झुकणारे सापडतात हे मला ठाऊक होतं, मी ते शिकवलंही होतं. पण आमचे सगळेच्या सगळे उजवे निघाले. एकही डावा नाही. तेव्हा ही जात नवीन, असं आम्ही दोघींनी लिहून पाठवलं. नियतकालिकाकडून उत्तर आलं: जुन्या जातीचा मूळ नमुना, म्हणजे ज्या कृमीवरून ते वर्णन लिहिलं तोच, डोळ्यांनी पाहून या, मग बोलू. तो मूळ नमुना नोएडातल्या एका सरकारी संग्रहाच्या कपाटात होता.

आणि रेश्माही दिल्लीतच होती. करोल बागेत राहून ती सरकारी सेवेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. दोनदा पूर्वपरीक्षेतच अडकली होती. आमच्याकडच्या एका समुद्र-प्रकल्पात संशोधकाची जागा निघाली होती आणि तिथल्या प्रमुखांनी मला शब्द दिला होता की पेपर स्वीकारला गेला तर जागा तिची. रेश्माने फोनवर एवढंच म्हटलं होतं, "मॅडम, कृमी नवीन निघाला तर मी परत येते. नाही निघाला तर इथेच बसते." म्हणजे मी पिशवीत काचपट्ट्यांची एक लाकडी पेटी नेत होते, पण त्या पेटीत एका मुलीची पुढची वर्षं होती. सगळ्या प्रवासात मी ती मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाईंनी विचारलं, "सोनं आहे का?" मी म्हटलं, "तसंच."

नोएडा

सुधीरचं घर अकराव्या मजल्यावर आहे. खाली नुसत्या आकड्यांचे सेक्टर. कुठे राहता विचारलं की माणसं आकडा सांगतात. आमच्याकडे वाडीचं नाव सांगितलं की लोक तुमचं कूळही ओळखतात. इथे आकडा सांगून माणूस मोकळा. मला दोन दिवसांत ते आवडायलाही लागलं.

थंडी अशी की सकाळी खिडकीबाहेर काहीच नसायचं. समोरची इमारत अकराच्या सुमाराला हळूहळू उगवायची. मग सगळी सोसायटी खुर्च्या घेऊन गच्चीवर ऊन खायला. शेंगदाणे, रेवड्या, पेरूवर काळं मीठ. ऊन हा इथे खाण्याचा पदार्थ आहे हे मला गच्चीवर पटलं. आम्ही जन्मभर उन्हापासून पळालो.

सुधीरची बायको मीनल दिल्लीतच वाढलेली. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली, पण तिच्या मराठीत हिंदी अशी मुरली आहे की तिला स्वतःलाही कळत नाही. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ताई, या डब्यात एग्झॅक्टली काय आहे?"

मी सरळ सांगितलं. माशाच्या कल्ल्यातले कृमी.

"हाय राम. म्हणजे आपण खातो त्या माशात?"

"कल्ल्यात. कल्ले आपण खात नाही. आणि माणसाशी त्याचा..."

"बिल्कुल नको, मला डिटेलमध्ये नको," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी जागेवर नाही. कपाटात पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. सुधीर टाय बांधत बाहेर आला. "यार मीनल, ताईचा डबा?"

"फ्रीजरमध्ये," मीनल शांतपणे म्हणाली. "माशाचं सामान ना ते? खराब झालं असतं."

पेटी फ्रोजन मटारच्या पिशवीखाली होती. काचपट्ट्यांवर दव धरलं होतं. मी ती पुसत बसले आणि मीनल शेजारी उभी राहून माझ्याकडे बघत होती. रागवावं असं माझ्या मनात होतं, पण तिने चांगल्या बुद्धीनेच केलं होतं, आणि पट्ट्यांना काही झालं नव्हतं. शेवटी मी एक पट्टी उजेडात धरून तिला दाखवली. लालसर रंगवलेला एवढासा ठिपका.

"एवढंच?" ती म्हणाली. "यासाठी तुम्ही दिल्लीला आलात?"

मी हो म्हटलं. मग तिने तो ठिपका पुन्हा एकदा, जरा जवळून पाहिला.

करोल बाग

नोएडाहून मेट्रो थेट करोल बागेत उतरवते. बाहेर पडलं की लग्नाचे कपडे, दागिने, गाड्यांचे सुटे भाग, आणि त्यांच्या डोक्यावर क्लासच्या जाहिराती. निवडल्या गेलेल्या मुलामुलींचे हसरे चेहरे, वरच्या मजल्यापर्यंत. खालून बाकीची मुलं जात असतात, पाठीवर सॅक आणि हातात चहाचा कागदी कप.

रेश्मा मला स्टेशनच्या दाराशी घ्यायला आली. दोन वर्षांत वाळली होती. स्वेटरवर स्वेटर घातले होते तरी वाळलेली दिसत होती. वाकून नमस्कार केला आणि पहिलं वाक्य: "मॅडम, आणलेत ना?"

"आधी जेवू दे."

ती मला एका मराठी मेसमध्ये घेऊन गेली. जिने चढून वर. लातूर, नंदुरबार, परभणी, चिपळूण, सगळा महाराष्ट्र लांब बाकांवर बसून जेवत होता. ताटात पोळी, वांग्याची भाजी, आमटी. आमटी गोड नव्हती, तिखटही नव्हती. सगळ्या जिल्ह्यांची समजूत काढणारी होती. शेजारचा एक मुलगा बातम्यांचं कात्रण वाचत घास घेत होता. त्याची मान वर आलीच नाही.

रेश्माची खोली म्हणजे प्लायवूडने कापलेला एक तुकडा. पलंग, टेबल, आणि भिंतीवर नकाशा. नकाशात आपला किनारा पाहिला तर तिथे पेन्सिलीने काहीतरी काढलेलं. जवळ गेले. चिमट्यांच्या दोन ओळी होत्या, एक लांब, एक आखूड.

"कंटाळा आला की काढते," ती म्हणाली. "मैत्रिणींना वाटतं गव्हाची ओंबी आहे."

"अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय." मग चहा ठेवत: "मॅडम, मला सगळे विषय येतात. पण आवडतो तो त्यात नाहीये."

मला तिथेच तिचा हात धरून रत्नागिरीच्या गाडीत बसवावं असं वाटलं. पण तिच्या वडिलांनी होडीच्या डागडुजीचं काम पुढे ढकलून तिला इथे पाठवलं होतं. हातात नोकरी असल्याशिवाय परतणं तिला शक्य नव्हतं. मी तिने केलेला चहा प्यायले.

कपाटातला नमुना

संग्रहाची इमारत बाहेरून कुठल्याही सरकारी कचेरीसारखी. लिफ्टपाशी कुंडीत शेवंती, आत रंगवलेली लोखंडी कपाटं. संग्रहाचे प्रमुख सक्सेनाजी साठीला टेकलेले, लोकरी टोपी आणि मफलर. खोलीत हीटर होता तरी टोपी काढली नाही. आम्हाला बघून म्हणाले, "रत्नागिरी! हापूस!" इकडे रत्नागिरीचा उच्चार केला की पुढचा शब्द ठरलेला. मी जानेवारीत आंबे आणले नाहीत याबद्दल क्षमा मागितली.

त्यांनी कपाटाचा खण ओढला आणि एक काचपट्टी आणली. काठाशी पिवळी पडलेली, कागदी चिठ्ठीवर शाईने लिहिलेलं माशाचं नाव आणि "कल्ले" एवढाच शब्द. त्यांनी ती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि खुर्ची रेश्माकडे सरकवली. मला ते आवडलं. खरं तर मी पुढे झालेच होते.

रेश्मा वाकली. मी आणि सक्सेनाजी तिच्या पाठीकडे बघत होतो.

"डावीकडे झुकलाय," ती म्हणाली. "चित्रात आहे तसाच."

"उलटा तर चिकटवलेला नाही ना?" मी विचारलं. कृमी काचेवर पालथा पडला तर डाव्याचा उजवा होतो. आमचं सगळं म्हणणं त्यावर कोसळलं असतं. तिने भिंग सावकाश वरखाली केलं. कृमीच्या पोटाच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. ते आधी स्पष्ट दिसतं की नंतर, त्यावरून तो उताणा की पालथा ते कळतं. मग आमची पट्टी ठेवली आणि तेच केलं.

"दोन्ही एकाच बाजूने आहेत मॅडम. हा खराच डावा आहे. आणि आपला खराच उजवा."

मी पाहिलं. सक्सेनाजींनी टोपी वर सरकवून पाहिलं. "भई, अलग तो लग रहा है," ते म्हणाले. "मुबारक हो."

रेश्मा हसली. तोंडावर हात ठेवून, लहान मुलीसारखी. सक्सेनाजींनी चहा मागवला, चहाबरोबर गाजर हलवा आला. कुणाच्या तरी बढतीचा होता, पण आमचाच असल्यासारखा आम्ही खाल्ला. नाव काय देणार, असं त्यांनी विचारलं. रेश्मा म्हणाली, "आईचं." इतक्या लगेच म्हणाली की ते आधीपासून ठरलेलं असणार. जेट्टीवरच्या एका बाईचं नाव लॅटिन शेपूट लावून जगभरच्या पुस्तकांत जाणार होतं. मी हलव्याचा दुसरा चमचा तोंडात घातला.

मासळी बाजार

आनंद साजरा करायचा तर मासे हवेत. सुधीरने फर्मानच काढलं, "ताई, उद्या तू सुरमई कर. कोकणातली. अच्छावाली." मीनलने मला कल्ल्यांविषयी पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि मग परवानगी दिली. म्हणून रविवारी सकाळी मी आणि रेश्मा आयएनए मार्केटात गेलो.

समुद्रापासून इतक्या लांब इतका समुद्र पाहून मला नवल वाटलं. सुरमई, पापलेट, कोळंबी, केरळातली खेकडी, बंगाल्यांसाठी हिलसा, सगळं बर्फाच्या ढिगांवर. विकणारे सगळे पुरुष. आमच्याकडे मासळी म्हणजे बायकांचं राज्य. तिथे भाव करायला जाणं म्हणजे स्वतःचा पाणउतारा करून घेणं असतं. इथे "मैडम, आइए, मैडम, ताज़ा है" असा सगळा आदराचा कारभार. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दोन शिव्या खाल्ल्याशिवाय मासा ताजा आहे यावर माझा विश्वास बसत नाही.

एका दुकानात चांगली सुरमई दिसली. मी सवयीने बोट घालून कल्ल्याचं झाकण उचललं. आत तपकिरी, वाळलेलं. मी तोंड वाकडं केलं.

दुकानदाराने मासा उचलला, बर्फावर उलटा टाकला आणि दुसऱ्या बाजूचं झाकण उघडलं. आत लालभडक.

"उधर का मत देखिए मैडम," तो म्हणाला. "ऊपरवाला तो सुबह से सब लोग उँगली डाल के देख रहे हैं। हवा लगती है, सूख जाता है। नीचेवाला देखिए, एकदम फ्रेश।"

पटण्यासारखं होतं. मी तुकडे करायला सांगितले. मागे वळले तर रेश्मा माझ्याजवळ नव्हती. चार पावलं मागे, कोळंबीच्या टोपल्यांपाशी थांबून ती त्या उलट्या सुरमईकडे बघत होती.

"काय गं?"

"मॅडम, मी नेहमी खालचाच कल्ला घ्यायची."

मला कळलं नाही.

"आईच्या पाटीतल्या करल्या. वरच्या बाजूचा कल्ला गिऱ्हाईकांनी बघून बघून सुकलेला असायचा, त्यातले कृमी मेलेले, फाटलेले. म्हणून मी खालचा काढून घ्यायची. ओला असायचा. सगळे कृमी खालचेच आहेत मॅडम."

"पण मासे कसेही पडलेले असतील ना पाटीत. कधी ही बाजू खाली, कधी ती."

तिने फोन काढला. आईला लावला आणि स्पीकरवर ठेवला. जेट्टीचा गलका आमच्या कानांत आला, कावळे, होड्यांची इंजिनं.

"आई, करल्या पाटीत कशा मांडतेस तू?"

"काय झाला गो? बरी हायस ना?"

"बरी आहे. सांग ना. डोकं कुठे करतेस?"

"डोका डाव्या हाताला, पोट माझ्याकडं. असाच मांडतात. माझी आय मांडायची तसा. सगळी एका वळणान दिसली पायजेत. कशी पण टाकलीन तर मासली नासकी वाटते गिऱ्हाइकाला."

"नेहमी? सगळ्या?"

"मग काय एकेकीला झोपेत कूस बदलू देऊ? ठेव आता, गिऱ्हाईक हाय."

डोकं डाव्या हाताला, पोट स्वतःकडे. मी मनातल्या मनात मासा आडवा ठेवून पाहिला. माशाची डावी बाजू वर येते. उजवी खाली. रोज, सगळ्या करल्यांची.

अशा कृमींत काहींचं झुकणं ते कुठल्या बाजूच्या कल्ल्यावर राहतात त्यावर ठरतं. कल्ल्यांवरून पाणी एका दिशेने वाहतं, त्या पाण्यात टिकून राहायला तो आपली चिमट्यांची लांब ओळ एका अंगाला रोवतो. दुसऱ्या कल्ल्यावर तोच कृमी आरशातल्यासारखा उलटा. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवलेलं होतं.

"आपण सगळ्या उजव्या पायाच्याच चपला गोळा केल्या मॅडम," रेश्मा म्हणाली. "आणि म्हणालो, हा माणूस वेगळा आहे."

दुकानदाराने तुकड्यांची पिशवी माझ्या हातात दिली. माझ्या मनात त्या वेळी आलं ते सांगते. ही गोष्ट आमच्या दोघींशिवाय कुणालाही माहीत नव्हती. सक्सेनाजींनी मुबारक हो म्हटलं होतं, मूळ नमुना पाहून झाला होता, पेपर छापून आला असता. पुढे कुणीतरी कधीतरी चूक काढली असती. तोवर पोरगी घरी आली असती. मी हे बोलले नाही. पण नाही असंही काही बोलले नाही.

तीच म्हणाली, "उद्या परत जाऊ या. त्यांच्याकडे आणखी पट्ट्या असतील."

सुरमई झकास झाली असं सगळे म्हणाले. मीनलने दोनदा घेतली. मला चव आठवत नाही.

पुन्हा कपाटापाशी

सक्सेनाजींना आम्ही सगळं सांगितलं. पाटी, डोकं, पोट, खालचा कल्ला. ते मफलर सोडून ऐकत राहिले. मग उठले आणि खालच्या खणातून एक चपटी पेटी काढली. मूळ नमुन्याबरोबर त्याच वेळी गोळा केलेले बाकीचे कृमी. वर्णन करणाऱ्या माणसाने त्यांतला सर्वांत चांगला एक निवडून त्याचं चित्र काढलं होतं, आणि बाकीचे नुसते ठेवून दिले होते.

रेश्मा पुन्हा त्याच खुर्चीत बसली. एक पट्टी पाहिली, बाजूला ठेवली. दुसरी. तिसरी. पाहता पाहता तिने टेबलावर दोन रांगा केल्या. मी काही विचारलं नाही. रांगा दिसतच होत्या.

"डावे पण आहेत, उजवे पण," ती शेवटी म्हणाली. "आणि हे उजवे आपलेच आहेत. सेम टू सेम. सर, आप देख लीजिए."

सक्सेनाजींनी पाहिलं. मी पाहिलं. जुन्या काचेखाली आमचा कृमी निवांत पडला होता, आम्ही त्याला शोधून काढण्याच्या कितीतरी आधीपासून. नवीन जात नव्हती. एकच होती, आणि तिला नाव होतं.

"बेटा, ये बात तुमने पकड़ी?" सक्सेनाजींनी विचारलं.

"मेरी माँ ने पकड़ी," रेश्मा म्हणाली. "और मैंने दो साल नहीं देखी."

या वेळी चहाबरोबर नुसती बिस्किटं होती. सक्सेनाजी म्हणाले, कुणीतरी दोन्ही कल्ले वेगवेगळे ठेवून, नीट, बरेच मासे पाहून हे लिहायला हवं; करलीच्या बाबतीत अजून कुणी लिहिलेलं त्यांच्या वाचनात नव्हतं. मी मान हलवली. लिहिणार कोण, आणि कुठून?

तिला करोल बागेपर्यंत सोडायला मीही निघाले. मेट्रोत आम्हाला बसायला जागा मिळाली. यमुनेवरून जाताना धुक्यात पाणी दिसलंच नाही. मी बरंच काहीतरी बोलत होते, दुसरी जागा निघेल, मी आणखी दोघातिघांशी बोलते, असं. रेश्मा ऐकत होती की नाही कोण जाणे. मग म्हणाली, "मॅडम, एक सांगू? नवीन आहे म्हटल्यावर मला आनंद झाला होता. पण आज रांगा लावताना त्याच्याहून जास्त मजा आली. क्लासमध्ये सगळ्या प्रश्नांची उत्तरं मागच्या पानावर असतात. याचं कुठेच नव्हतं."

मी डब्याच्या दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचत बसले. करोल बाग आलं. तिचा क्लास होता. मी तिच्याबरोबर स्टेशनच्या दारापर्यंत गेले. तिने गर्दीत हात हलवला आणि क्लासच्या हसऱ्या चेहऱ्यांखालून निघून गेली. मी एकटीच उलट्या दिशेची गाडी धरून नोएडाला आले. मीनलने दार उघडलं, माझा चेहरा पाहिला. फक्त म्हणाली, "ताई, तुमची पेटी मी टेबलावरच ठेवलीये. फ्रीजरमध्ये नाही." मी तिच्या गळ्यात पडले. ती गडबडून गेली.

घरी

परत आल्यावर मी पेपर मागे घेतला. कारण काय ते लिहिलं, आणि पाटीत मासे कसे मांडतात तेही लिहिलं. प्रकल्पातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मी रेश्माला फोन केला तेव्हा ती "ठीक आहे मॅडम" म्हणाली आणि राज्यघटनेचं काहीतरी पाठ करायला गेली. दिल्लीचा प्रवास असा संपला असं मी धरून चालले होते.

मार्च उलटल्यावर एका सकाळी जेट्टीवर गेले. रेश्माच्या आईभोवती तीन-चार बायका वाकून उभ्या होत्या आणि माना वाकड्या करून पाटीत बघत होत्या. पाटीतल्या सगळ्या करल्यांची डोकी उजव्या हाताला होती.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"बाई, काय सांगू! तुमची पोरगी. रोज फोन. एक दिवस डोकी डाव्या हाताला, एक दिवस उजव्या. गिऱ्हाईक इचारतात, म्हावरा उलटा का मांडलास? मी काय सांगणार?" असं म्हणत तिने पाटीमागून बर्फात ठेवलेल्या दोन पुड्या काढल्या. "खालचेच कल्ले काढून ठेवलंय, ती म्हणालीन तसे. दोरा बांधलाय तो डावा. रबर लावलाय तो उजवा. तुमच्याकडं द्यायला सांगितलान, बाटलीत घालून ठेवा म्हणालीन. ती आली की बघेल."

"ती येणार आहे?"

"परीक्षा झाली की येतंय म्हणालीन. निकाल काय पण लागू दे. बापाशी पण बोललीन." मग तिने इकडे तिकडे बघून आवाज खाली केला. "तुमाला इतक्यात सांगू नको म्हणालीन. बाई लगेच नोकऱ्या शोधायला लागतील, म्हणालीन."

"मग मला काही माहीत नाही," मी म्हटलं.

घरी आले. डावे एका बाटलीत घातले, उजवे दुसऱ्या बाटलीत, आणि बाहेर चिठ्ठ्या चिकटवल्या. मायक्रोस्कोपवरचं फडकं काढून झटकलं. त्याच्यापुढे एकच खुर्ची होती. आतल्या खोलीतून दुसरी आणून शेजारी ठेवली.